देवास गेटची खुडूक कोंबडी

गेल्या वर्षी वैशाखाच्या आरंभी आमच्या एका वाचक भगिनींचे पत्र आम्हांस आले होते. पत्र उज्जैनहून, देवास गेटच्या बाजूने आलेले. मजकूर थोडक्यात असा : घरी पाच गावठी कोंबड्या आहेत, त्यांतली तांबडी गेले चार दिवस खुराड्यातून हलत नाही, अंडे देत नाही, हात पुढे केला की पिसे फुलवून चोच मारते. शेजारचे एक गृहस्थ सांगतात की तिच्याच पंखातले पीस तिच्या नाकपुडीतून आरपार ओवा, म्हणजे ती बसायचे विसरेल. दुसरे म्हणतात, थंड पाण्याच्या बादलीत दोन वेळा बुडवून काढा. “फादर, माझ्याच्याने हे दोन्ही होत नाही. काय करू ते सांगावे.”

आम्ही याच पानावर चार ओळींत उत्तर दिले. कोंबडी खुडूक झाली आहे, हा काही आजार नव्हे. देवाने तिला आई होण्याची ओढ दिली आहे. तिच्याखाली आठ-दहा अंडी ठेवा आणि तिला निवांत बसू द्या, असे ते उत्तर होते. लिहून झाल्यावर ते आमचे आम्हांलाच फार आवडले होते, हेही कबूल करतो. दोघा-तिघा वाचकांनी ‘छान लिहिलेत’ म्हणून कळविलेसुद्धा.

ज्येष्ठात त्याच भगिनींचे दुसरे पत्र आले. तांबडीखाली त्यांनी नऊ अंडी ठेवली. एकवीस दिवस झाले, काही नाही. पंचवीस झाले, काही नाही. कोंबडी उठेना. एकोणतिसाव्या दिवशी सकाळी ती टोपल्यातच, अंड्यांवर पंख पसरलेल्या स्थितीत, मेलेली आढळली. अंडी फोडून पाहिली, तर आत पिल्लाची खूणसुद्धा नव्हती; नुसते घाण पाणी. पत्रात आमच्याविषयी दोषाचा एक शब्द नव्हता. तो असता तर आम्हांस थोडे हलके वाटले असते.

सदरातून दिलेला चुकीचा सल्ला सदरातूनच दुरुस्त केला पाहिजे; तो वाचून आणखी कोणी तसेच केले असेल तर त्यांसही कळावे. म्हणून आजचे हे लांबलेले लिखाण.

आश्विनात इंदूरला एका तपसाधनेच्या निमित्ताने जाणे झाले, तेव्हा वाकडी वाट करून आम्ही उज्जैनला उतरलो. रेल्वे स्थानकाबाहेर पडले की देवास गेटचा चौक अगदी हाकेच्या अंतरावर. महाकालाच्या दर्शनास आलेले यात्रेकरू, त्यांना ओढणारे रिक्षावाले, बसगाड्यांचे कर्णे, पोह्या-जिलेबीच्या परातींभोवतीची गर्दी; त्या गलबल्यापासून जवळच माधव महाविद्यालयाची जुनी इमारत. या शहरात मराठी बोलणे कोणास नवे नाही. शिंदे सरकारांची राजधानी एके काळी येथेच होती. १८१० साली दौलतरावांनी ती ग्वाल्हेरला नेली, तरी मराठी कुटुंबे मागे राहिली. आमच्या वाचक भगिनी मात्र त्या पिढ्यांतल्या नव्हेत. त्या मूळच्या संगमनेरकडच्या. यजमानांच्या रेल्वेतील नोकरीमुळे इकडे आल्या आणि येथेच राहिल्या. यजमान गेले, पाठोपाठ मुलगाही गेला. सून कामाला जाते आणि दोन नाती आजीपाशी असतात. पाच कोंबड्यांची मिळून दिवसाला सरासरी एक अंडे मिळते. ते उकडून दोऱ्याने मधोमध कापायचे आणि दोघींना अर्धे-अर्धे द्यायचे, हा त्या घरचा रोजचा नेम. दोनच अंडी आली तर त्या दिवशी एकेक. तांबडी मेली म्हणजे काय झाले, हे आम्हांस त्या दोऱ्याने कापलेल्या अंड्याकडे पाहून समजले.

परसू म्हणजे चार हात रुंद आणि बारा हात लांब अशी एक पट्टी. एका टोकास कडुनिंब. दुसऱ्या टोकास पश्चिमेच्या भिंतीला टेकून पत्र्याचे खुराडे. आम्ही विचारले, “कोंबडा कोठे आहे?” बाई म्हणाल्या, “कोंबडा नाही, फादर. होता, पण पहाटे साडेतीनला आरवायचा. शेजारच्या मुलाची परीक्षा होती. त्या लोकांनी हात जोडले, म्हणून देऊन टाकला.”

कोंबडा नाही, म्हणजे त्या परसातील एकही अंडे फलित नव्हते. कोंबडी कोंबड्यावाचून अंडी देते, ती खाण्यास उत्तम असतात. पण त्यांतून जन्मात पिल्लू निघत नाही. त्या नऊ अंड्यांवर तांबडी वर्षभर बसली असती तरी काही झाले नसते. आम्ही समुद्रकाठच्या माणसांत राहणारे. आमच्याकडे वाडीवाडीतून कोंबडे फिरतात, त्यामुळे हा प्रश्न विचारावयाचे आम्हांस सुचलेच नाही. दुसरा प्रश्न ऋतूचा. माळव्याची रात्र थंड आणि सुखद म्हणून जुन्या काळापासून वाखाणली जाते. पण वैशाख-ज्येष्ठातली दुपार तशी नाही. पारा चाळिशी ओलांडून जातो आणि पश्चिमेकडचा पत्रा सूर्यास्तापर्यंत तापत राहतो. तिसरा प्रश्न, ती कोठे बसली आहे, हाही आम्ही विचारला नव्हता. तीन प्रश्न न विचारता आम्ही उत्तर दिले. त्यात आईपणाविषयी एक सुंदर वाक्य तेवढे होते.

आता कोंबडी खुडूक होते म्हणजे नेमके काय होते ते सांगतो. गावठी कोंबडी दहा-पंधरा अंडी लागोपाठ देते आणि मग तिला ती उबविण्याची ओढ लागते. दिवस मोठे होऊ लागले, घरटे अंधारे आणि उबदार असले, त्यात अंडी साचत गेली की ही ओढ लवकर येते. तिच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून प्रोलॅक्टिन नावाचा स्राव रक्तात वाढतो. मनुष्यमातेच्या अंगावर दूध येते ते ज्या स्रावाने, त्याचेच हे नाव. तो वाढला की अंडाशय आक्रसते, अंडी थांबतात, तुरा फिकट पडतो. कोंबडी छातीखालची पिसे उपटून टाकते, म्हणजे तिची उघडी कातडी सरळ अंड्यांना लागावी. रात्री इतर कोंबड्या दांडीवर चढतात, ही घरट्यातच राहते. आवाजही बदलतो. नेहमीची कलकल जाऊन घशातल्या घशात ‘खुडूक, खुडूक’ असे चालते. दिवसातून एकदा, पंधरा-वीस मिनिटे, ती घाईघाईने उठते. दाणा टिपते, पाणी पिते, दिवसभराची एकच मोठी दुर्गंधीयुक्त विष्ठा टाकते आणि पळत परत जाते. हे एकवीस दिवस तिच्या अंगातल्या चरबीवर चालते. ती बसते तेव्हाच्या वजनाचा बराच भाग उठताना राहिलेला नसतो. एकविसाव्या दिवशी पिल्लांची चिवचिव कानी आली की तिच्या शरीराला कळते, काम झाले. चिवचिव झाली नाही तर थांबावयाचे केव्हा, हे तिला कळण्यास दुसरा मार्ग नाही. पुष्कळ कोंबड्या कंटाळून उठतात. काही उठत नाहीत. आमच्या तांबडीसारख्या.

कोंबडीच्या या अवस्थेचे सर्वांत खरे वर्णन आम्हांस कोणा कुक्कुटतज्ज्ञाच्या पुस्तकात नव्हे, तर सेमिनरीत असताना संत ऑगस्टीनच्या प्रवचनांत भेटले होते. योहानच्या शुभवर्तमानावर बोलताना, शमरोनी स्त्रीच्या गावच्या विहिरीपाशी थकून बसलेल्या प्रभूविषयी सांगताना, ते एकदम कोंबडीकडे वळतात. इतर पक्षिणी घरट्यात दिसल्या तरच त्या आई आहेत हे आपणांस समजते, असे त्यांचे निरीक्षण. पण पिल्लांची कोंबडी, पिल्ले जवळ नसली तरी, नुसत्या अवतारावरून ओळखता येते : पिसे विस्कटलेली, पंख गळालेले, आवाज बसलेला. पिल्लांसाठी ती स्वतः दुबळी होते. उत्तर आफ्रिकेतील त्या बिशपांनी परसात उभे राहून हे पाहिले असले पाहिजे. पोथ्या वाचून असे लिहिता येत नाही. येरुशलेमजवळ ऑलिव्ह पर्वतावर प्रभू शहरासाठी रडला त्या जागी ‘डॉमिनुस फ्लेविट’ नावाचे छोटे मंदिर आहे. आंतोनियो बार्लुत्सी या वास्तुविशारदाने ते १९५५ साली उभारले. तेथल्या वेदीच्या दर्शनी बाजूस रंगीत खड्यांत पंखांखाली पिल्ले घेतलेल्या कोंबडीचे चित्र आहे. मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांत प्रभूने स्वतःला दिलेली ती उपमा. चित्रातील पक्षी मोठा रुबाबदार आहे; तुऱ्याकडे पाहून तो कोंबडाच की काय असे भासते. आम्हांस विचाराल तर ऑगस्टीनची कोंबडी अधिक खरी आहे. आणि देवास गेटला आम्ही जो उपदेश पाठविला तो वेदीवरच्या चित्रातल्या कोंबडीला लागू होता, टोपल्यातल्या नव्हे.

म्हणून कोंबडी खुडूक झाली की पहिल्या दोन-तीन दिवसांतच ठरवावे : हिला बसवावयाची की उठवावयाची. न ठरवता तिला तशीच सोडून देणे हे दयेचे दिसते, पण तिन्ही वाटांत ती वाट वाईट. रिकाम्या घरट्यात बसलेली कोंबडी झिजतही राहते आणि अंडेही देत नाही. शिवाय ती घरटे अडवून धरते, म्हणून इतर कोंबड्या कोपऱ्याकोपऱ्यांत अंडी घालतात किंवा तिच्याच पोटाखाली आणून टाकतात. आणि एकीचे पाहून दुसरीही बसू लागते. पाचांच्या कळपात दोन खुडूक म्हणजे नातींचे अंडे आठवड्यातून चार दिवसच.

उठवावयाचे कसे? नाकातून पीस ओवणे ही आपल्याकडची फार जुनी रीत. कोंबडी नाकपुडीनेच श्वास घेते. त्या पिसाने तिचा जीव कासावीस होतो, जखम चिघळते. काही उठतात त्या बसण्याची इच्छा गेली म्हणून नव्हे, तर यातनेने एका जागी राहवत नाही म्हणून. ही रीत सोडून द्यावी, असे आम्ही स्पष्ट सांगतो. पाय बांधून उन्हात टाकणे हीदेखील तीच जात. बादलीवाल्या गृहस्थांस मात्र अर्धे खरे कळले होते. पोटाखालची ऊब गेली की स्राव उतरतो, हे शास्त्राशी जुळते. पण भिजविलेली कोंबडी संध्याकाळच्या वाऱ्यात गारठते, आणि अंग वाळले की पुन्हा जाऊन बसते. बुडवायचे नाही, पोटाखालून वारा जाऊ द्यावयाचा.

त्यासाठी एक पिंजरा पुरतो. तळ लाकडी फळीचा किंवा पत्र्याचा नको. जाळीचा हवा, नाहीतर बोटभर अंतर सोडून ठोकलेल्या पट्ट्यांचा. हा पिंजरा चार विटांवर ठेवावा किंवा झाडाच्या फांदीला टांगावा. आत भुसा, काड, गोणपाट काही म्हणजे काही घालू नये. पाण्याचे भांडे आणि दाणा मात्र पोटभर ठेवावा. उपाशी ठेवल्याने कोंबडी लवकर उठते ही समजूत खोटी आहे. जागा उजेडाची आणि वाऱ्याची, पण सावलीची असावी. रात्री मांजर-मुंगसापासून सांभाळावे. कोंबडी पहिला दिवस कुरकुरते आणि जाळीवरच फतकल मारून बसू पाहते. खालून वारा लागतो, पोट तापत नाही. तीन ते चार दिवसांनी तिला मोकळी सोडून पाहावे. ती मैत्रिणींत जाऊन माती उकरू लागली तर झाले; सरळ घरट्याकडे धावली तर आणखी दोन दिवस. पहिल्या-दुसऱ्या दिवशीच पिंजऱ्यात घातलेली कोंबडी लवकर सुधारते, आठवडाभर बसून मुरलेली उशिरा. नंतर साधारण दोन-तीन आठवड्यांत ती पुन्हा अंडी देऊ लागते. दरम्यान सर्वांचीच अंडी संध्याकाळी न चुकता उचलावीत. साचलेली अंडी पाहूनच तिला ओढ लागते.

बाईंकडे पिंजऱ्याला पैसे घालणे नव्हते. मोडक्या खाटेची चौकट होती. थोरल्या नातीने आणि आम्ही मिळून तिला जुन्या खिडकीची जाळी ठोकली. एक खिळा आमच्या अंगठ्यातही बसला. पिंजरा कडुनिंबाला टांगला. त्या वेळी कबरी कोंबडी खुडूक होण्याच्या बेतात होतीच.

पण कबरीला उठविण्याआधी आम्ही विचार केला की आता ऋतू कोणता आहे. पावसाळा संपलेला, थंडी येऊ घातलेली. येथून माघापर्यंतचा काळ रवण बसविण्यास चांगला. चार कोंबड्या उरलेल्या, त्यांतल्या दोन म्हाताऱ्या. घरात पिल्ले हवीच होती. प्रश्न राहिला फलित अंड्यांचा. पेठेतल्या दुकानातील पांढऱ्या अंड्यांचा येथे काही उपयोग नाही. ती कोंबड्यावाचून पिंजऱ्यांत ठेवलेल्या कोंबड्यांची असतात. त्या कोंबड्या मूळ लेगहॉर्न जातीच्या. इटलीतील लिव्होर्नो बंदरावरून इंग्रजांनी हे नाव केले. लेगहॉर्न खुडूक होत नाही म्हटले तरी चालेल. पिढ्यानुपिढ्या निवड करून माणसाने तिच्यातून ती ओढ काढून टाकली, म्हणूनच ती वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देते आणि आपली गावठी पन्नास-साठ. तिची पिल्ले यंत्रे उबवितात. ज्यांना केवळ अंडी हवीत त्यांनी सुधारित जातीच्या पाळाव्यात, त्यात गैर काही नाही. परंतु ज्यांना यंत्र परवडत नाही, त्यांच्या परसात बसणारी एक तरी गावठी किंवा असील कोंबडी असावी. ती म्हणजे फुकटचे यंत्र. ना वीज जाण्याची भीती, ना पिल्लांना वेगळी ऊब देण्याची यातायात.

माळव्याच्या पश्चिमेला, झाबुआच्या डोंगरांत, हे भिल्ल समाजाच्या बायांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. तिथला कडकनाथ पक्षी, पिसे-चोच-कातडीपासून मांसापर्यंत काळा, आता सर्वत्र गाजतो. २०१८ साली झाबुआच्या नावाने त्याला भौगोलिक मानांकन मिळाले आणि तेथील कृषी विज्ञान केंद्रातून पिल्ले दूरदूर जाऊ लागली. पण या नामांकित पक्ष्याची कोंबडी अंड्यांवर बसण्यात कच्ची. मन लागले तर बसते, नाहीतर मध्येच उठून जाते. म्हणून तिची अंडी दुसऱ्या साध्या गावठी कोंबडीखाली ठेवण्याची पद्धत तिकडे आहे. काळ्या पक्ष्याचे कौतुक सगळे करतात. त्याला उबवून वाढविणाऱ्या कबरी-तांबडीचे नाव कोणी घेत नाही.

बाईंच्या ओळखीचे एक कुटुंब झाबुआकडचे निघाले. त्यांच्याकडून दहा कडकनाथ अंडी बसने देवास गेटवर आली. अंडी आणताना भुशात, रुंद टोक वर ठेवून आणावीत. ती आठवड्यापेक्षा जुनी नसावीत, उन्हाळ्यात तर तीन-चार दिवसांची. उष्ण खोलीत ठेवलेल्या अंड्यात जीव अर्धवट जागा होतो आणि मरतो, म्हणून तोवर गार जागी ठेवावीत; धुवू नयेत. प्रवासात हिसके बसलेली अंडी लगेच कोंबडीखाली न घालता एक रात्र स्वस्थ राहू द्यावीत. ही दक्षता आम्ही पत्राने कळविली होती. या खेपेस मात्र आधी प्रश्न विचारून.

रवण बसविण्यासाठी टोपले पश्चिमेच्या पत्र्याखालून काढून घराच्या पूर्वेच्या ओसरीत आणले. तळाशी थोडी माती, त्यावर गव्हाचे काड. कोंबडीच्या पंखांखाली राख चोळली. उवा आणि बारीक किडे यांनी सतावलेली कोंबडी बसण्याचे सोडते, किंवा बसल्या जागी रक्तहीन होते. दोन दिवस तिच्याखाली खोटी म्हणून दोन साधी अंडी ठेवून पाहिले, ती चिकटून बसली. मग रात्री, अंधार पडल्यावर, खरी दहा अंडी घातली. प्रत्येकावर पेन्सिलीने रेघ ओढली होती, म्हणजे दुसऱ्या कोंबडीने मध्येच नवे अंडे आणून टाकले तर ओळखता यावे. साधारण गावठी कोंबडीला दहा-बारा अंडी पुरेत. अधिक ठेवली की कडेची गार पडतात; ती आत सरकविते तेव्हा दुसरी कडेला जातात, आणि शेवटी सगळीच बिघडतात. समोर दाणा-पाणी ठेवले. ती आपण होऊन उठत नसेल तर दिवसातून एकदा हळूच उचलून बाहेर काढावी, असे सांगितले होते. तांबडीच्या बाबतीत हे घडले नव्हते. ती ज्येष्ठाच्या उन्हात पाण्यासाठीही उठेनाशी झाली होती, आणि बाईंना वाटले, फादरांनी निवांत बसू द्या म्हणून सांगितले आहे.

सातव्या रात्री अंडी तपासली. पूर्वी यासाठी कंदील आणि भोक पाडलेला पुठ्ठा लागे; आता नातीने मोबाईलच्या दिव्यावर अंडे धरले. जिवंत अंड्यात एक काळा ठिपका आणि त्याच्यापासून कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल रेषा दिसतात. वांझोटे अंडे स्वच्छ उजेड आरपार सोडते. दहांतली दोन स्वच्छ निघाली, ती काढली. ही तपासणी वैशाखात केली असती तर नऊच्या नऊ अंडी सातव्या दिवशीच बाहेर आली असती आणि तांबडी आज परसात असती. एवढीशी गोष्ट. ती आम्ही लिहिली नाही, कारण आम्हांस ठाऊक असूनही त्या चार ओळींत मावली नाही.

एकविसाव्या दिवशी पाच आणि बाविसाव्यास एक अशी सहा पिल्ले निघाली. दोन अंड्यांतील जीव कवचातच मेला, असे होते. फुटत असलेल्या अंड्याला बाहेरून मदत करू नये, रक्तस्राव होऊन पिल्लू दगावते. बाहेर आलेले पिल्लू पोटातल्या बलकावर दीड-दोन दिवस काढते, तेव्हा दाण्याची घाई नको. पुढे मक्याची बारीक कणी, भगर, आणि उथळ ताटलीत पाणी. ताटलीत खडे घालावेत, नाहीतर पिल्ले बुडतात. पहिल्या आठवड्यात रानीखेत रोगाची लस डोळ्यात किंवा नाकात थेंब घालून द्यावी. कुमाऊँतील गावाचे नाव मिळालेला हा रोग आला की परसे रिकामी होतात. लसीची कुपी शंभर-दोनशे पक्ष्यांची असते आणि उघडल्यावर ठेवता येत नाही. यासाठी गल्लीतल्या चार घरांनी एकच दिवस ठरवून सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे. बाकी ऊब देणे, घारीपासून लपविणे, काय खावे ते दाखविणे, हे सर्व कबरी करते. काळ्या कुळकुळीत पिल्लांमागे कबरी आई फिरताना पाहून शेजारची, ज्यांच्या घरी अंडे शिवतही नाहीत ती, मंडळी भिंतीवरून डोकावू लागली, असे नातीने आम्हांस लिहिले आहे.

कबरी पंधरा दिवस आवाज बसलेली, पंख ओढत चालणारी अशी होती म्हणे. आता पिल्ले दोन महिन्यांची झाली. तिने त्यांना चोच मारून दूर लोटावयास सुरुवात केली आहे, म्हणजे लवकरच ती पुन्हा अंड्यावर येईल. खाटेच्या चौकटीचा पिंजरा कडुनिंबालाच आहे. येत्या उन्हाळ्यात जी खुडूक होईल तिला त्यात, सावलीत, चार दिवस. वैशाखात देवास गेटला कोणासही बसवावयाचे नाही, हे ठरले आहे.

बाईंच्या ताज्या पत्रात एक प्रश्न आहे. सहांतल्या दोघांचे तुरे मोठे दिसू लागले आहेत; एकाने परवा पहाटे घोगऱ्या आवाजात आरवूनही पाहिले. शेजारचा मुलगा यंदा पुन्हा परीक्षेस बसतो आहे. एक कोंबडा ठेवला तर पुढे अंडी झाबुआहून आणावी लागणार नाहीत. “फादर, ठेवू का?”

याचे उत्तर आम्ही येथून देत नाही. आम्ही त्यांस दोन प्रश्न उलट विचारले आहेत : कोंबडा रात्री आतल्या खोलीत, गोणपाट टाकलेल्या डालग्याखाली राहू शकेल काय, आणि मुलाची परीक्षा कोणत्या तारखेस संपते. उत्तर येईपर्यंत दोन्ही तुरे परसात आहेत.